मोठ्या घरच्या लेकी का नांदल्या?

ठाण्याहून निघालेला घोडबंदर रोड मानपाडा, कासारवडवली, गायमुख मागे टाकून खाडीकाठच्या घोडबंदर गावात पोचतो. तिथला किल्ला पोर्तुगीजांचा. 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. त्याच्या पाऊणशे वर्षं आधी हा सगळा मुलूख एका लग्नाच्या आंदणावरून वादात सापडला होता. 1661 च्या तहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली आणि तिच्यासोबत मुंबई. साष्टी आणि ठाणेही त्या आंदणात येतात, असा इंग्रजांचा दावा होता. पोर्तुगीजांनी तो मानला नाही आणि 1665 मध्ये मुंबई बेट तेवढं हवाली केलं. ठाणे, घोडबंदर पोर्तुगीजांकडेच राहिलं.

बेटांवर इतका खल झाला, नवरीच्या सुखावर कुणी केला नाही. लग्न 1662 मध्ये झालं आणि त्याच वर्षी चार्ल्सने आपली प्रेयसी बार्बरा व्हिलियर्स हिला राणीच्या खास सेविकांमध्ये नेमलं. कॅथरीनने विरोध केला, तेव्हा तिच्या माहेरच्या बहुतेक माणसांची पाठवणी झाली. शेवटी ती नमली. राजाला इतर स्त्रियांपासून डझनभर मुलं झाली, तिची कूस रिकामीच राहिली. तरी ती नांदली, कारण स्पेनशी झुंजणाऱ्या पोर्तुगालला इंग्रजांची मदत हवी होती आणि तिच्या कॅथलिक धर्मात घटस्फोट नव्हता. राजा 1685 मध्ये वारला. ती मायदेशी परतायला निघाली ती 1692 मध्ये.

हे दूरच्या राजवाड्यातलं झालं. पण मराठी मुलखातल्या वाड्यांचा हिशेब फारसा वेगळा नव्हता. सरदार, इनामदार, सावकार, वकील यांच्या घरी लग्न दोन कुळांत ठरे. कुलशील, पत्रिका, हुंडा, मानपान यांची बोलणी वडीलधारी करत आणि मुलीला ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून निरोप मिळे. प्रेम नाही, ही तक्रार ऐकायला कुणी बसलेलंच नव्हतं.

खेड्यापाड्यांत, कष्टकरी जातींमध्ये वाट होती. जातपंचायतीसमोर काडीमोड होई, फारकत मिळे, पाट लावून दुसरा संसार मांडता येई. उच्चवर्णीय आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या प्रतिष्ठित घरांत मात्र लग्न हा न सुटणारा संस्कार मानला जाई. म्हणजे घर जितकं वरचं, तितकं बाईचं दार घट्ट. नवरा दुसरी करून आणू शकत होता. पहिलीने जायचं कुठे? वाडा सासऱ्याचा, जमीन नवऱ्याची, मुलांवर हक्क बापाचा. दागिने स्त्रीधन म्हणून तिचे असले, तरी पेटीची किल्ली बहुधा दुसऱ्याच्या कनवटीला. माहेरी परतावं तर धाकट्या बहिणींची लग्नं अडणार. या बायका सोशिक होत्या म्हणून त्यांचं कौतुक करण्याची आपली रीत आहे. पण त्यांच्यासमोर दुसरा रस्ताच नव्हता, हे मान्य केल्याशिवाय त्यांना न्याय मिळत नाही.

ज्या एकीने नकार दिला, तिची गोष्ट हेच सांगते. रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झालं. ती माहेरीच वाढली, शिकली. 1884 मध्ये त्याने तिला नांदायला पाठवण्यासाठी मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर मार्च 1887 मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाली. तिच्या धैर्याला तोड नाही. पण त्या धैर्यामागे वडिलांकडून आलेली मालमत्ता होती आणि पाठीशी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, त्या नांदत राहिल्या.

कायद्याने दार हळूहळू किलकिलं केलं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1931 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात 1946 मध्ये हिंदूंच्या द्विभार्येला बंदी आली, 1947 मध्ये घटस्फोट मिळाला. देशभर हे घडायला 1955 चा हिंदू विवाह कायदा यावा लागला. त्याआधी हिंदू कोड बिल रखडल्यामुळे डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं होतं. 1956 मध्ये वारसाहक्क आला, 1976 मध्ये परस्परसंमतीचा घटस्फोट. महाराष्ट्राने 1994 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला.

आज घोडबंदर रोडवर टॉवरच्या रांगा आहेत. घर बाईच्या नावावर घेतलं तर 2021 पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तिच्या नावाने झालेला हा कागद वाड्यातल्या तिच्या पणजीकडे नव्हता. पण घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल, तर लग्न मोडताना तिची त्यात आपोआप मालकी लागत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते; महाराष्ट्रात तशी तरतूद अजून नाही. आणि रखमाबाईला ज्या दाव्याने कोर्टात ओढलं, तो नांदायला लावण्याचा दावा 1955 च्या कायद्याच्या कलम 9 मध्ये कायम आहे. आंध्र हायकोर्टाने 1983 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं, सुप्रीम कोर्टाने 1984 मध्ये ते पुन्हा वैध ठरवलं. रखमाबाईच्या नकाराला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. ते कलम आता कायद्यातून काढून टाकायला हवं.