दुखावलेल्या चोचीचा उपचार

पुणे-बंगळूर महामार्गालगतचे उचगाव हे करवीर तालुक्यातील गाव आता कोल्हापूर शहराला जवळजवळ चिकटले असले, तरी अशा गावांच्या परसदारातून कोंबडी अजून पुरती हटलेली नाही; बदलली आहे ती तिची जागा. अंगण आकसले की डालगे आणि मातीचे खुराडे जाऊन तारेच्या जाळीचा पिंजरा येतो, आणि जाळीबाहेरचा दाणा टिपण्यासाठी घातलेली चोच मान झटक्याने मागे घेताना तारेत अडकून टोकाशी मोडते किंवा उभी चिरते. कुत्र्याचा किंवा मुंगसाचा हल्ला आणि कोंबड्यांची आपापसांतील झुंज ही या दुखापतीची इतर नेहमीची कारणे होत.

चोच हा निर्जीव, टणक भाग आहे आणि मोडली तरी नखासारखी पुन्हा वाढेल, असे समजून पुष्कळदा दुखापतीकडे काणाडोळा केला जातो, पण हा समज अर्धाच खरा आहे. नख ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनते त्याच प्रथिनाचे चोचीचे बाहेरचे कवच असते आणि ते मुळाकडून टोकाकडे सतत वाढत राहते, हे खरे. मात्र या कवचाखाली रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी भरलेला पातळ जिवंत थर असतो आणि त्याच्याही आत जबड्याचे हाड असते. दाण्याचा आकार आणि कठीणपणा कोंबडीला चोचीच्या टोकानेच कळतो, म्हणून तेथे संवेदना विशेष तीव्र असते. व्यापारी कुक्कुटपालनात पिल्लांची चोच तापलेल्या पात्याने छाटतात, त्यास डीबीकिंग म्हणतात. अशा छाटलेल्या चोचीत तुटलेल्या मज्जातंतूंच्या गाठी बनतात, हे 1986 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. तेव्हा चोच मोडलेली कोंबडी कोपऱ्यात मान आखडून बसते ती हट्टाने नव्हे, वेदनेने.

पहिले काम तिला कळपातून वेगळे करण्याचे, कारण रक्ताचा लाल रंग दिसला की इतर कोंबड्या त्याच जागी टोचू लागतात. अंधारात कोंबडीला नीट दिसत नसल्याने ती संध्याकाळनंतर सहज हाती लागते. तिला टॉवेलात पंखांसह गुंडाळावे, पण छाती आवळू नये, कारण पक्ष्यांना श्वासपटल नसते आणि छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्यांचा श्वास चालतो. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने काही मिनिटे हलका दाब द्यावा, आणि टोकाशी झिरपणे चालूच राहिले तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबून धरावे. त्यानंतर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवून त्या द्रावणाने जखम धुवावी. घरोघरी हाताशी असणाऱ्या हळदीचा जाड लेप येथे टाळावा, कारण तो चीर झाकून टाकतो आणि ती किती खोल गेली आहे हे डॉक्टरांनाही दिसत नाही. केवळ अर्धपारदर्शक टोक तुटले असून रक्त आले नसेल, तर नखे घासण्याच्या कानशीने खडबडीत कड गुळगुळीत करणे एवढाच उपचार पुरतो.

खरा धोका मात्र जखमेपेक्षा उपासमारीचा असतो. दुखऱ्या चोचीची कोंबडी भांड्याशी जाते, टोचल्यासारखे करते आणि मागे सरते. दुरून पाहणाऱ्याला ती खात आहे असेच वाटते. यासाठी गळ्याच्या बुडाशी असलेली अन्न साठवण्याची पिशवी, म्हणजे क्रॉप, बोटांनी चाचपावी लागते: संध्याकाळी ती भरलेली आणि सकाळी रिकामी लागली, तर कोंबडी खाते आहे आणि खाल्लेले पुढे सरकते आहे. संध्याकाळीही पिशवी सपाट लागली आणि वजनकाट्यावर आकडा रोज उतरू लागला, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. अख्खी ज्वारी वा मका टिपण्यासाठी चोचीची दोन्ही टोके जुळावी लागतात. तेच खाद्य दळून, कोमट पाण्यात लापशीएवढे सैल भिजवून, दोन-तीन इंच खोल वाटीत दिले की टोक नसलेल्या चोचीनेही ते उचलता येते. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून त्यात मिसळावा. पाण्याचे भांडेही खोलच हवे. चोच उघडून पाणी ओतणे जिवावर बेतू शकते, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते. द्यायचेच तर चोचीच्या कडेला थेंब लावावा आणि तिला गिळू द्यावा. या साध्या कामाला जी चिकाटी लागते, तीच बहुतेक कोंबड्यांना वाचवते.

लोंबणारा तुकडा झटपट चिकटणाऱ्या डिंकाने जोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण न धुतलेल्या चिरेवर डिंक लावल्यास घाण आत कोंडली जाऊन पू होतो. आधार द्यायचाच असेल तर पशुवैद्य दातांच्या उपचारातील अॅक्रिलिकसारखा पदार्थ वापरतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि भारतात 2006 साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. कोंबडीच्या मूत्रपिंडांनाही ते घातक आहे. पशुवैद्य वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम निवडू शकतात, पण मात्रा वजनावर ठरते आणि उपचारकाळातील अंडी किती दिवस खाऊ नयेत हेही त्यांनाच विचारावे.

वाढीचा मूळ थर शाबूत असेल, तर टोक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येते, मात्र या काळात वरची व खालची चोच एकमेकींवर नीट बसते की नाही हे पाहत राहावे लागते. हाडासकट गेलेला भाग परत येत नाही. तरीही अशी कोंबडी खोल वाटीतून खाऊन जगते आणि अंडीही देते. एका कोंबडीसाठी डॉक्टर कशाला, हा प्रश्न ज्यांच्या मनात येतो त्यांनी तो बाजूला ठेवावा, आणि रक्त थांबत नसेल, हाड उघडे दिसत असेल, जखमेत किडे पडले असतील किंवा कोंबडीने दिवसभरात काहीच गिळले नसेल, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे अथवा 1962 या टोल-फ्री क्रमांकावर दूरध्वनी करावा.