पाहुणे येतात, मुक्काम करत नाहीत

मुंबईजवळच्या पावसाळी सहलींचा विषय निघाला की शहापूर आणि मुरबाड ही दोन नावे येतातच. माहुलीचे सुळके, तानसा आणि भातसा, कसाऱ्याजवळचा विहीगावचा धबधबा, डेहण्याचा आजोबा डोंगर, गोरखगड, सिद्धगड, माळशेज, नाणेघाट. एवढ्या मोठ्या महानगराला इतक्या जवळ इतके काही लाभणे दुर्मीळ आहे. तरीही पायथ्याच्या गावांत फिरायला येणाऱ्यांच्या पैशावर बारा महिने चूल पेटते अशी घरे फार थोडी. असे का, याचे उत्तर मला या दोन तालुक्यांच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या वाटचालीत दिसते. इथे जे पाहायला लोक येतात ते बहुतेक सारे मुंबईच्या गरजेसाठी झालेल्या कामांच्या पाठोपाठ लोकांच्या आवाक्यात आले. आधी रूळ आले, मग धरणे झाली, मग महामार्ग रुंदावले आणि त्यांच्या कडेकडेने सहली सुरू झाल्या. परक्या माणसाने इथे यावे, दोन रात्री राहावे, इथल्या घरात जेवावे, असा हेतू धरून कोणी फारसे काही उभारलेच नाही. त्यामुळे पाहुणा सकाळी उतरतो आणि शेवटची सोयीची गाडी गाठून परततो.

पूर्वीचा प्रवास असा नव्हता. नाणेघाटाचा माथा जुन्नर तालुक्यात पडतो, पण कोकणातून चढणारी वाट मुरबाडच्या वैशाखऱ्याजवळून निघते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दानांच्या त्या नोंदींतले आकडे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जातात. विल्यम साइक्सने १८२८ मध्ये या लेण्याची दखल घेतली आणि पुढे अभ्यासकांचा ओघ सुरू झाला. कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल याच वाटेने देशावर जाई. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात. वाटेने जाणाऱ्याने वाटेपाशी काही ठेवून जावे, ही त्या व्यापारी मार्गाची रीत होती. म्हसा गावची यात्रा हे त्याच रीतीचे लोकजीवनातले रूप. पौष पौर्णिमेला म्हसोबाच्या, म्हणजे खांबलिंगेश्वराच्या, दर्शनाला आलेला माणूस बैलबाजार पाहतो, घोंगडी घेतो, अवजारे घेतो, मुक्काम टाकतो. विकणारा आणि घेणारा दोघेही याच मुलखातले किंवा घाटावरचे. पर्यटन हा शब्द कोणी उच्चारत नव्हते तेव्हापासून मुरबाडमध्ये हजारो माणसे बाहेरून येत आहेत आणि त्यांचा पैसा याच मातीत फिरतो आहे.

हे चित्र बदलायला सुरुवात झाली ती रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचला आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला गेला. सदतिसास एक असा तो चढ. मागून जादा इंजिने लावल्याशिवाय गाडी वर जात नाही, म्हणून कसारा हे नाव देशभरच्या प्रवाशांना ठाऊक झाले. पण ते थांबण्याचे ठिकाण झाले इंजिनांसाठी. प्रवाशाने खिडकीतून दरी पाहायची आणि पुढे जायचे. या रेल्वेचे खरे देणे बऱ्याच उशिरा आणि कोणी न ठरवता मिळाले. उपनगरी गाड्या कसाऱ्यापर्यंत धावू लागल्या आणि आसनगाव हे गिर्यारोहकांचे स्टेशन बनले. १६३६ च्या तहाने ज्या गडावर निजामशाहीचा शेवट झाला आणि शहाजीराजांना आदिलशाहीत जावे लागले, जो पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये मोठी किंमत मोजून मराठ्यांनी परत घेतला, तो माहुली आता रविवारचा गड झाला. पळसगड, माहुली आणि भंडारगड अशी ही तीन शिखरांची जोडणी. शेजारी नवरा, नवरी, भटजी हे सुळके आणि वांद्रे गावच्या बाजूचा वजीर. प्रस्तरारोहणाची पिढ्यान्‌पिढ्यांची शाळाच इथे भरली. या मुलांनी गड जपले, वाटा नोंदवल्या, शोधमोहिमांत जीव धोक्यात घातला. त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या पाठपिशवीत शिधा मुंबईहून येई आणि परतीचे तिकीट खिशात असे. पायथ्याच्या गावाशी संबंध एका चहाचा आणि पाण्याच्या कळशीचा.

पाण्याची गोष्ट याहून कठीण आहे. तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले, वैतरणेवरचे मोडकसागर १९५७ मध्ये, आणि पुढे राज्य सरकारने भातसा बांधले. मुंबईच्या सात तलावांपैकी एकट्या भातशातून शहराचे जवळजवळ निम्मे पाणी जाते. मुरबाडच्या बारवी धरणाचे पाणी औद्योगिक विकास महामंडळाकडून ठाणे जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना मिळते आणि त्याची उंची वाढवताना पुन्हा गावे उठली. ही धरणे आज सहलीच्या यादीत आहेत. पावसाळ्यात तलाव किती भरले याच्या बातम्यांबरोबर त्यांची छायाचित्रे घरोघर पोहोचतात. आणि त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळा लागला की पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. भावली धरणातून शहापूरच्या गावपाड्यांना पाणी आणण्याच्या योजनेची चर्चा वर्षानुवर्षे चालत आली. ज्या गावात मार्चनंतर हंडाभर पाण्यासाठी पायपीट आहे त्या गावाने पाहुण्याला अंघोळीचे पाणी कुठून द्यायचे? निवासाची सोय का वाढली नाही, असे विचारणाऱ्यांनी आधी या प्रश्नाकडे पाहायला हवे. गावात मुक्कामाचे पर्यटन रुजायला रस्त्याइतकीच विहीर लागते आणि इथली विहीर जलवाहिनीने शहराला जोडली गेली.

मुरबाडला रेल्वे अजून पोहोचलेली नाही. शहापुरात रेल्वेने केले ते काम तिथे कल्याण-नगर रस्त्याने केले. माळशेज घाट हा मुळात देशाकडे जाणारा रस्ता. धुके, कोसळणाऱ्या धारा आणि गाडीतून उतरताच हाताशी येणारे धबधबे यांमुळे तो स्वतःच एक ठिकाण बनला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान झाले तेही घाटमाथ्यावर, जुन्नरच्या हद्दीत. खालच्या गावांच्या वाट्याला आली ती शनिवार-रविवारची वाहनांची रांग, कणसांच्या शेगड्या आणि प्लास्टिक. सिद्धगडाची आठवण इथे मुद्दाम काढावीशी वाटते. भाई कोटवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी त्या रानात हुतात्मा झाले. विजेचे मनोरे पाडून मुंबईच्या युद्धकारखान्यांची वीज तोडणारा त्यांचा आझाद दस्ता याच डोंगरांत लपला, कारण इथल्या वाड्यांनी त्याला भाकर आणि निवारा दिला. दरवर्षी बलिदानदिनाला तिथे लोक जमतात. स्वातंत्र्यलढ्यातले एवढे मोठे स्थळ मुंबईपासून काही तासांवर आहे आणि वर्षातले बाकीचे दिवस तिथे जाणाऱ्याला तो इतिहास नीट सांगणारी व्यवस्था नाही. धबधब्याला मात्र नाव मिळायला वेळ लागत नाही. विहीगावचा धबधबा २००१ च्या 'अशोका' चित्रपटामुळे अशोका धबधबा म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

मुक्काम आणि उभ्या उभ्या येणे यांतला फरक किती मोठा असतो ते पाहायला दूर जावे लागत नाही. सांदण दरीची भटकंती अकोले तालुक्यातल्या साम्रदहून सुरू होते आणि दरी पार करून येणारे शहापूरच्या डेहण्याला उतरतात. साम्रदमध्ये घरगुती जेवण, तंबू, वाटाडे यांचा व्यवसाय उभा राहिला आहे. तिथल्या तरुणांना दरीची नस ठाऊक आहे आणि त्या जाणकारीचे पैसे मिळतात. डेहण्याला उतरलेला चमू दमलेला असतो. त्याला आसनगावची गाडी गाठायची असते. चहा होतो, जीप ठरते आणि गाव मागे पडते. वास्तविक डेहण्याजवळ स्वतःचे वैभव आहे. आजोबाच्या डोंगरावर वाल्मीकींचा आश्रम, सीतेचा पाळणा आणि लवकुशांची कथा आहे, समोर सह्याद्रीची अजस्र भिंत आहे. डोंगर दोन्ही गावांना तोच. एका गावात रात्र पडते आणि दुसऱ्यात फक्त संध्याकाळ.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसांचा. जमिनीला भाव आला, बंगले झाले, रखवालदाराची नोकरी मिळाली, हाच विकास नाही का? काही कुटुंबांना त्यातून पैसा मिळाला, हे खरे. पण जमीन एकदाच विकता येते. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर कायद्याचे बंधन असल्याने हा पैसा ठाकूर आणि कातकरी घरांपर्यंत तसाही फार पोहोचत नाही. पोहोचते ती मजुरी, आणि बंगल्याच्या कूपनलिकेने खाली नेलेली पाण्याची पातळी. हा मार्ग शेवटी कुठे जातो ते इंडोनेशियात दिसते. जकार्ताच्या दक्षिणेला पुंचाक नावाचा डोंगराळ भाग आहे. चहाचे मळे, थंड हवा, शहरवासीयांची शनिवार-रविवारची घरे. कोंडी इतकी की सुटीच्या दिवशी ठरावीक वेळी रस्ता एकाच दिशेने खुला ठेवावा लागतो. उतारावरचे रान बंगल्यांखाली गेले, त्यामुळे पाऊस जमिनीत मुरेना आणि त्याच डोंगरातून उतरणाऱ्या नदीने राजधानीतले पूर वाढवले. २०२५ च्या पुरानंतर तिथले एक मनोरंजन उद्यान सरकारला पाडावे लागले. आपल्या बाबतीत तर हे डोंगर मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे पाणलोट आहेत. जकार्ताला जे पुराने कळले ते मुंबईला तहानेने कळू नये.

दुसरा आक्षेप प्रशासनाचा, आणि तो मी हलक्याने घेत नाही. पावसाळ्यात माहुलीचा पायथा, भातसा, सिद्धगड, गोरखगड, माळशेजचे धबधबे अशा ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, कारण माणसे खरोखर बुडतात आणि दरडी खरोखर कोसळतात. एक जीव वाचला तरी आदेश सार्थ आहे. परंतु कणीस-भजी विकणाऱ्या कुटुंबाचे कमाईचे महिने नेमके तेच आहेत आणि सरसकट बंदीने तेच जातात. डोह धोक्याचा आहे, गड धोक्याचा नाही, असा विवेक ठिकाणागणिक करता येतो. त्यासाठी गावातलीच पोहणारी आणि वाट जाणणारी माणसे प्रशिक्षण देऊन, मानधनावर नेमावी लागतील आणि आत सोडायच्या माणसांची संख्या ठरवावी लागेल. आदेश काढणे स्वस्त पडते आणि माणसे नेमणे महाग, म्हणून वर्षानुवर्षे आदेशच निघतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: या रानात माणसे यावीतच कशाला? तानसा अभयारण्य १९७० पासून आहे. शंभराहून अधिक वर्षे नाहीसा समजला गेलेला आणि १९९७ मध्ये नंदुरबार भागात पुन्हा सापडलेला रानपिंगळा २०१४ मध्ये तानसाच्या रानात दिसला, ही साधी गोष्ट नाही. २००९ मध्ये माळशेजला गळ्यात यंत्रपट्टा बांधून सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. हा रानपट्टा किती जिवंत आहे आणि किती अरुंद उरला आहे, हे त्याने दाखवून दिले. इथे गोंगाट नको, हे मला पूर्ण मान्य आहे. पण आजची एकदिवसीय गर्दी हाच गोंगाट आहे. पाच जणांचा गट दोन रात्री घरात राहिला, वाटाड्याबरोबर पहाटे निघाला, झिणी तांदळाचा भात खाऊन परतला, तर रानावरचा भार बसभर माणसांच्या भारापेक्षा कमी आणि गावाचे उत्पन्न जास्त.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. शहापूर तालुका पूर्णतः आणि मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणजे १९९६ च्या पेसा कायद्याचे बळ इथल्या ग्रामसभांना आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्कही दिला आहे. गडाच्या पायथ्याला प्रवेशशुल्क कोणी घ्यावे, ते कुठे खर्च व्हावे, किती माणसे वर सोडावीत, हे ग्रामसभा आणि वनखाते यांनी एकत्र बसून ठरवायला कायदा आड येत नाही. घाई आहे ती वेगळ्याच कारणाने. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातून जातो. जे अंतर रेल्वेने आणि जुन्या महामार्गाने कमी केले ते आता आणखी कमी झाले आहे. अंतर कमी झाले की येणारे वाढतात आणि थांबण्याचे कारण घटते. रूळ पडले तेव्हा आणि धरणे झाली तेव्हा इथल्या गावांना कोणी विचारले नव्हते. या वेळी महामार्गाच्या फाट्यावर भूखंडांचे फलक लागण्याआधी ग्रामसभांचे ठराव व्हायला हवेत, आणि त्या ठरावांत पहिली मागणी पाहुण्यांच्या खोल्यांची नसावी, भातशाच्या पाण्यातल्या गावाच्या वाट्याची असावी.