चाळीस किलोचे पिल्लू

नाशिक रोडला जेल रोडवर सकाळी फिरायला निघालेल्या माणसांमध्ये हल्ली अधूनमधून एक दृश्य दिसते. पुढे ग्रेट डेन, मागे त्याच्या पट्ट्याला लोंबकळल्यासारखा एक कॉलेजचा मुलगा. कुत्र्याची पाठ मुलाच्या कमरेला लागते. अर्धा किलोमीटर जोरात ओढून नेल्यावर कुत्रा अचानक रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसतो. पट्टा ओढला तरी उठत नाही. चहाच्या टपरीवरून कोणीतरी म्हणतेच, ‘एवढा घोडा झाला आणि दमला?’ मुलगा ओशाळतो आणि आणखी जोरात ओढतो.

घोडा झालेला नसतो. त्याचे वय साडेपाच महिने असते. दुधाचे दात नुकते पडलेले, हाडांची टोके अजून कूर्चेची, आणि वजन मात्र चाळीस किलोच्या घरात. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मास्टिफ अशा महाकाय जातींची पिल्ले पाळणाऱ्यांचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. आपण आकारावरून वय ठरवतो. पामेरियन सहा महिन्यांचा झाला तरी त्याला सगळे ‘पिल्लू’ म्हणतात, आणि त्याच वयाच्या ग्रेट डेनकडून प्रौढ कुत्र्याच्या ताकदीची, शिस्तीची आणि समजुतीची अपेक्षा करतात.

आधी हा आकार येतो कुठून ते पाहू. जन्मताना ग्रेट डेनचे पिल्लू साधारण अर्धा ते पाऊण किलोचे असते. पूर्ण वाढलेला नर साठ-सत्तर किलोंपर्यंत जातो. म्हणजे दीड-दोन वर्षांत वजन जवळजवळ शंभरपट. छोट्या जातींत ही वाढ वीसपटीच्या आसपास असते आणि ती वर्षाच्या आत पुरी होते. भराच्या काळात ग्रेट डेनचे पिल्लू आठवड्याला दीड-दोन किलो वाढते. कुत्र्यांच्या आकाराशी संबंधित एक महत्त्वाचे जनुक २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. इन्सुलिनसारखे काम करणाऱ्या एका वाढ-संप्रेरकाचे, आयजीएफ-१चे ते जनुक. छोट्या जातींत त्याचा एक ठरावीक प्रकार आढळतो, महाकाय जातींत तो बहुधा नसतो. बाकी जनुकेही आहेत, पण या एकाचा वाटा मोठा.

एवढ्या वेगाने शरीर बांधायचे तर ऊर्जा कुठे जाणार? वाढीत. म्हणूनच या पिल्लांचा दिवस बघण्यासारखा असतो. दिवसातले सोळा-अठरा तास झोप. मग एकदम उसळी: सोफ्यावरून खाली, टीपॉयखालून गॅलरीत, चप्पल तोंडात, कुंडी आडवी. दहा-पंधरा मिनिटांत सगळे संपते आणि जिथे असेल तिथे ते आडवे होते. घरच्यांना वाटते, एक तर हे पिल्लू वेडे आहे किंवा आजारी. दोन्ही नसते. पिल्लाची शक्ती दिवाळीतल्या फुलबाजीसारखी असते, भरभर पेटते आणि विझते. प्रौढ कुत्र्यासारखी ती तासभर पुरवून वापरणे त्याला जमत नाही.

महाकाय कुत्रे मोठे झाल्यावरही फारसे धावपळे नसतात, यामागे थोडे गणित आहे. कुत्र्याला विश्रांतीत लागणारी ऊर्जा वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. पशुवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार तीन किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे १६० किलोकॅलरी लागतात, म्हणजे किलोमागे पन्नासहून अधिक. सत्तर किलोच्या कुत्र्याला सुमारे १,७०० लागतात, म्हणजे किलोमागे चोवीसच. मोठ्या इंजिनाची गाडी सावकाश चालावी, तसे हे शरीर चालते. घरात सर्वांत जास्त वेळ सोफा अडवणारा कुत्रा ग्रेट डेन असतो, असे पाळणारे सांगतात ते उगीच नाही. (नावात ‘डेन’ असला तरी हा कुत्रा डेन्मार्कचा नाही. तो जर्मनीत रानडुकरांच्या शिकारीसाठी वाढवला गेला. आणि कार्टूनमधला भित्रा स्कूबी-डू याच जातीचा.)

पण सुस्त म्हणून त्याला दमवायला नेणे ही मोठी चूक. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या लहान जातींत वर्षाच्या आत बंद होतात, महाकाय जातींत त्यांना दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. तोवर त्या मऊ जागेवर चाळीस-पन्नास किलोंचा भार असतो. दुचाकीला बांधून पळवणे, ट्रेडमिल, चेंडूमागे शंभर वेळा उड्या, गाडीच्या डिकीतून डांबरावर झेप, हे या वयात नको. ‘महिन्याला पाच मिनिटे’ असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो: चार महिन्यांच्या पिल्लाला वीस मिनिटे चालवा, पाच महिन्यांच्याला पंचवीस. त्यामागे एखादा ठोस अभ्यास नाही, अंदाजाचा आडाखा आहे. तरी तो आंधळा नाही, कारण निदान घड्याळाकडे बघायला लावतो.

अभ्यास आहे तो वेगळ्या गोष्टीचा, आणि नाशिक रोडच्या घरांना तो नेमका लागू पडतो. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लिऑनबर्गर, आयरिश वुल्फहाउंड आणि लॅब्राडोर या चार जातींच्या सुमारे पाचशे कुत्र्यांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पहिल्या तीन महिन्यांत जी पिल्ले रोज जिने चढत-उतरत होती, त्यांच्यात पुढे खुब्याचा सांधा सैल आणि खराब होण्याचे प्रमाण अधिक होते. ज्यांना त्याच वयात मऊ, उंचसखल मोकळ्या जागेत पट्ट्याशिवाय आपल्या मर्जीने हुंदडायला मिळाले, त्यांच्यात ते कमी होते. म्हणजे हालचाल वाईट नाही. पिल्लाने स्वतः ठरवलेली हालचाल चांगली, माणसाने लादलेली धोक्याची.

आता शिखरेवाडी, दत्तमंदिर, जय भवानी रोड भागातल्या जुन्या इमारती आठवा. लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर. दोन महिन्यांचे आठ-दहा किलोंचे पिल्लू कडेवर घेऊन खाली नेता येते. चार महिन्यांचे पंचवीस किलोंचे कोण उचलणार? हा प्रश्न पिल्लू घरी आणण्याआधी विचारायचा असतो. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर आणखी एक भर. मागचे पाय फाकून सटकणाऱ्या पिल्लाचे व्हिडिओ मजेशीर वाटतात, पण त्याच्या खुब्याला ती मजा महाग पडते. जुनी सतरंजी, जाजम, रबरी चटई, काहीही अंथरा.

हाडांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच कॅल्शियमची बाटली येते. ‘एवढा मोठा होणार, हाडे मजबूत व्हायला नकोत?’ हा युक्तिवाद प्रेमाचा असला तरी चुकीचा आहे. १९८०च्या दशकात नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर याचे सविस्तर प्रयोग झाले. प्रौढ कुत्रा जादा कॅल्शियम शोषून घेणे थांबवू शकतो. लहान पिल्लाला ते जमत नाही. जेवढे पोटात जाईल त्याचा बराच भाग रक्तात उतरतो. जादा कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांची हाडे मजबूत झाली नाहीत. ती वेडीवाकडी वाढली, सांध्यांची कूर्चा बिघडली. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचे तयार खाद्य देत असाल तर त्यात कॅल्शियम मोजून घातलेले असते. वर सिरप ओतायची गरज नसते. उलट नुसता भात आणि चिकन, किंवा पोळी-दूध यावर पिल्लू वाढत असेल तर कॅल्शियम आणि फॉस्फरसचा तोल दुसऱ्या बाजूला ढळतो आणि हाडे पोकळ, ठिसूळ होतात. तेव्हाही उपाय अंदाजाने ओतलेला चमचा नव्हे. पशुवैद्यकाकडून आहार आखून घ्यावा लागतो.

खाण्याचे प्रमाण हा दुसरा मुद्दा, आणि तो घरातल्या आजीला पटवणे सर्वांत कठीण. १९७४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी ग्रेट डेनच्या काही पिल्लांना हवे तेवढे खाऊ दिले आणि काहींना त्याच्या दोन-तृतीयांश. पोटभर खाणारी पिल्ले भराभर वाढली आणि त्यांच्याच हाडांत जास्त बिघाड झाले. उंची शेवटी जनुके ठरवतात. जास्त खाऊ घालून कुत्रा उंच होत नाही, तिथे लवकर पोहोचतो इतकेच, आणि या जातींत लवकर पोहोचणे हाच धोका आहे.

स्वभावाचे काय? मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने एका पत्राद्वारे तेवीस जातींच्या कुत्र्यांची पैदास आणि पाळणे थांबवण्यास राज्यांना सांगितले होते. त्या यादीत मास्टिफ होता. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द ठरवले. कायद्याची बाजू तिथे थांबली. विज्ञानाची बाजू अशी की २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात कुत्र्याकुत्र्यांमधील वर्तनाच्या फरकांपैकी जातीने उलगडणारा वाटा सुमारे नऊ टक्केच निघाला. ‘ग्रेट डेन म्हणजे गरीब गाय’ हे वाक्य ‘मास्टिफ म्हणजे राक्षस’ या वाक्याइतकेच अर्धवट आहे. बहुतेक महाकाय कुत्रे शांत होतात हे खरे. पण ते घडावे लागते.

त्यासाठीची मुदत फार लहान असते. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी मागच्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले की साधारण तीन ते बारा आठवडे हा पिल्लाचा जगाशी ओळख करून घेण्याचा काळ असतो. या काळात पाहिलेले, ऐकलेले, हुंगलेले ते पुढे सहज स्वीकारते. नाशिक रोडच्या पिल्लाच्या यादीत काय काय येईल? रेल्वेचा भोंगा, रिक्षा, देवळाली कॅम्पकडून येणारे तोफांचे दणके, गणपतीतला ढोल, मुक्तिधामपाशी उतरणारी गर्दी, बुरखा, हेल्मेट, काठी टेकत येणारे आजोबा. अडचण अशी की याच काळात लसीकरण पुरे झालेले नसते आणि पार्व्होचा धोका असतो. म्हणून रस्त्यावर सोडू नका, पण कडेवर किंवा गाडीत बसवून फिरवा. घरात कोंडून ठेवलेले पिल्लू पार्व्होपासून वाचते आणि पुढे प्रत्येक हेल्मेटवर भुंकते. सत्तर किलोंचा भित्रा कुत्रा हा चिडक्या कुत्र्याइतकाच सांभाळायला अवघड.

उडी मारणे, हात तोंडात धरणे, पट्टा ओढणे या सवयी दहा किलोंच्या वयात मोडाव्या लागतात. दोन महिन्यांचे पिल्लू पायावर चढले की सगळे घर हसते. आठ महिन्यांनी तेच पिल्लू त्याच प्रेमाने आजीच्या खांद्यावर पंजे ठेवते आणि आजी खाली. कुत्र्याने काहीच नवे केलेले नसते.

मग येते वयात येणे. इंग्लंडमध्ये अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पाच महिन्यांचे असताना ‘बस’ म्हटल्यावर बसणारी पिल्ले आठव्या महिन्यात आपल्या माणसाचे कमी ऐकू लागली. गंमत म्हणजे अनोळखी माणसाचे मात्र ऐकत होती. घरात दहावीतला मुलगा असणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. ते कुत्रे लॅब्राडोर-गोल्डन वर्गातले होते. महाकाय जातींत हा हट्टाचा काळ लांबतो, दोन वर्षांपर्यंतही. कुत्रा ‘हाताबाहेर गेला’ म्हणून सोडून देण्याचा विचार याच काळात डोक्यात येतो, नेमका तो शहाणा होण्याच्या उंबरठ्यावर असताना.

रागाने त्याला अंगणात बांधणे हा उपाय नव्हे. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा शांत होत नाही, तुंबतो. शिवाय चेहेडी, पळसे, दारणाकाठ या पट्ट्यात रात्री बांधलेले पिल्लू म्हणजे बिबट्याला आमंत्रण. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. पिल्लू चाळीस किलोंचे असले तरी लढायचे कसे हे त्याला ठाऊक नसते.

उन्हाळ्याचेही असेच. मोठ्या शरीराच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ कमी, म्हणून आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. ब्रिटनमध्ये, तिथल्या थंड हवेतही, कुत्र्यांना उष्माघात होण्याच्या प्रकरणांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश व्यायामामुळे घडलेली आढळली. नाशिकचा पारा एप्रिलमध्ये चाळिशीला टेकतो, तेव्हा आल्प्समधल्या खिंडीत घडलेल्या सेंट बर्नार्डला सकाळी सातनंतर फिरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. खरे तर त्याला इथे आणणेच फारसे शहाणपणाचे नाही, पण आणला असेल तर पंखा, ओली फरशी आणि पहाटेची वेळ एवढे तरी त्याला मिळावे.

झोपाळू आणि आजारी यांतला फरक मात्र ओळखता यायला हवा. झोपाळू पिल्लू ताटाच्या आवाजाने उठते. आजारी उठत नाही. हिरड्या फिकट, अंग गरम, गोचिड्या दिसल्या असतील तर गोचीडताप असू शकतो. एक पाय लंगडतो, आठवड्याने दुसरा, किंवा मनगटाचा सांधा सुजून तापतो, तर हाडांच्या वाढीचा बिघाड तपासावा लागतो. आणि पोट फुगलेले, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही, अशी वेळ आली तर सकाळची वाट पाहायची नसते. जठराला पीळ बसण्याचा हा प्रकार ग्रेट डेनमध्ये विशेष आढळतो. तो बहुधा मोठ्या वयात होतो, पण त्यात हाती काही तासच असतात.

घरी करण्यासारखी तपासणी सोपी आहे. दर पंधरा दिवसांनी वजन. वीस किलोंपर्यंत पिल्लाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे. त्यानंतर दवाखान्यातला काटा, नाहीतर ओळखीच्या भंगारवाल्याकडचा. तो पैसे घेत नाही, फक्त दर वेळी विचारतो, ‘अजून किती वाढणार?’ काट्यावरून उतरवले की बरगड्यांवरून हात फिरवायचा. त्या डोळ्यांना ठळक दिसू नयेत, पण बोटांना एकेक लागायला हवी. लागत नसेल तर संध्याकाळची वाटी थोडी कमी भरायची.