फोनवरून औषध : डॉक्टरने काय पाळावे, रुग्णाने काय पाहावे

‘डॉक्टर, धाकट्याच्या पोटात दुखतंय. एवढ्या रात्री कुठं आणू? फोनवरच एखादी गोळी सांगा ना!’

रात्री नऊनंतर असा फोन येणे कोणत्याही गावच्या डॉक्टरला नवीन नाही. गोळीचे नाव सांगायला अर्धा मिनिट लागतो आणि आईवडीलही खूश होतात. पण हे दुखणे अपेंडिक्सचे असेल तर? अशा वेळी पुष्कळदा दुखणे आधी बेंबीभोवती सुरू होते व काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. तेथे हाताने दाबून पाहावे लागते आणि फोनमधून हात पुढे करता येत नाही. गोळीने वेदना थोडी दबते, रात्र निघून जाते आणि सकाळपर्यंत अपेंडिक्स फुटण्याची वेळ येते.

म्हणून फोनवरून सल्ला देऊच नये काय? तसे नाही. नियमित तपासणीतल्या रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या रुग्णाला दर खेपेस तीस-चाळीस किलोमीटर एस.टी.ने आणण्याची गरज नसते. टाळेबंदीच्या काळात तर अनेकांना फोनचाच आधार होता. त्या आधी फोनवरच्या सल्ल्याबद्दल डॉक्टरांपुढे स्पष्ट नियम नव्हते. २५ मार्च २०२० रोजी ‘टेलिमेडिसिन’ची नियमावली जाहीर झाली आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेला ती जोडली गेली. त्यातील मुख्य गोष्टी वाचकांनाही ठाऊक असाव्यात.

आधी ओळख, मग सल्ला

संभाषणाच्या सुरुवातीला डॉक्टरने आपले नाव व पात्रता सांगावी. चिठ्ठीवर आणि पावतीवर त्याचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. रुग्णाचे नाव, वय, पत्ता व फोन क्रमांक विचारणे हेही त्याचे कर्तव्यच आहे. वयावर औषधाची मात्रा ठरते. रुग्ण सोळा वर्षांचा वा त्याहून लहान असेल तर सोबत मोठे माणूस हवे, आणि त्याचीही ओळख पटवून घ्यावी. रुग्णाने स्वतः फोन केला की त्याची संमती गृहीत धरली जाते. आरोग्यसेविकेने, नातेवाईकाने किंवा डॉक्टरनेच फोन लावला असेल, तर रुग्णाची संमती स्पष्टपणे घेऊन ती नोंदवावी लागते.

कोणते औषध, केव्हा?

नियमावलीत औषधांचे गट पाडले आहेत. तापासाठी पॅरासिटामॉल, जुलाबासाठी क्षारसंजीवनी अशी साधी औषधे नुसत्या फोनवरही सांगता येतात. त्वचेवरची काही मलमे, डोळ्यांतील काही थेंब यांसाठी पहिल्या वेळी व्हिडिओवरून रुग्णाला पाहणे आवश्यक आहे. पुरळ शब्दांत सांगून कळत नाही, ते दिसावे लागते. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची चालू औषधे पुन्हा लिहून देता येतात. पण त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत डॉक्टरने रुग्णाला समक्ष तपासलेले असावे. नशा आणणारी व सवय लावणारी औषधे, म्हणजे औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टातील आणि अमली पदार्थविषयक कायद्याखालची, या नियमावलीने वगळली आहेत.

निदानापुरती माहिती मिळाली नसेल तर चिठ्ठी लिहू नये, हा या सर्वांचा गाभा आहे. म्हणून चांगला डॉक्टर फोनवर बोलतो कमी आणि विचारतो जास्त. दुखणे कधीपासून आहे? आधी कोणती औषधे चालू आहेत? कशाची ॲलर्जी? बाई गरोदर आहे का? एकही प्रश्न न विचारता जो तीन गोळ्यांची नावे सांगतो, त्याच्यापासून सावध राहावे. यंत्रानेच, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, रुग्णाला सल्ला देणे वा औषध लिहिणे या नियमांत बसत नाही. ते डॉक्टरच्या मदतीला असू शकते, जबाबदारी मात्र डॉक्टरचीच.

नोंद, फी आणि गुप्तता

तोंडी सांगितलेली गोळी ऐकण्यात चुकू शकते. म्हणून सही असलेल्या चिठ्ठीची प्रत रुग्णाकडे पाठवावी. ती थेट औषध दुकानात पाठवायची तर रुग्णाची परवानगी हवी. डॉक्टर फी घेऊ शकतो, पण पावती दिली पाहिजे. संभाषणाची नोंद, अहवाल व छायाचित्रे त्याने जपून ठेवावीत. ती इतरांना दाखवू नयेत.

येथे फोन पुरत नाही

छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, शुद्ध हरपणे, सर्पदंश, गरोदरपणातील रक्तस्राव, बाळाने दूध सोडणे, अशा वेळी डॉक्टरने फोनवर प्रथमोपचार सांगावा आणि रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात पाठवावे. आपणही सल्ल्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपली तयारी

फोन करण्यापूर्वी जुन्या चिठ्ठ्या, चालू औषधांची पाकिटे व ताजे अहवाल जवळ ठेवा. ताप किंवा रक्तदाब मोजता येत असेल तर मोजून आकडा लिहा. व्हिडिओसाठी उजेडात बसा. शक्यतो रुग्णालाच बोलू द्या. ज्यांना ओळखीचा डॉक्टर नाही त्यांच्यासाठी शासनाची ‘ई-संजीवनी’ ही मोफत सेवा आहे.

आणि शेवटी एक विनंती. डॉक्टरने फोनवर गोळी न सांगता ‘पोराला आत्ताच घेऊन या’ म्हटले, तर रागावू नका. त्याला कंटाळा आलेला नाही. पोटावर हात ठेवून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, एवढेच तो प्रामाणिकपणे कबूल करीत असतो. अशा रात्री गाडी मिळवा आणि निघा.