दफ्तरी दाखल झालेले सत्य

कॅनडातील मूलनिवासींच्या मुलांना आईबापांपासून तोडून, त्यांची भाषा, वेष आणि देवधर्म त्यांना विसरावयास लावण्याच्या हेतूने सरकार व ख्रिस्ती मिशने यांनी शंभरांहून अधिक वर्षे जी निवासी विद्यालये चालविली, त्यांतून सुमारे १,५०,००० मुले गेली. तेथील अनर्थ सरकारदरबारी अज्ञात होता, असे म्हणता येत नाही. १९०७ साली डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १५ विद्यालयांची आकडेवारी मिळवून, तेथे आलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के मुले मृत्यू पावल्याचे लिहून दिले. परंतु त्यांच्या शिफारशी दफ्तरी दाखल झाल्या, आणि १९२० साली कायद्याने हजेरीची सक्ती अधिकच कडक केली.

पुढे १९९० साली मॅनिटोबातील मूलनिवासी नेते फिल फाँटेन यांनी बालपणी स्वतःवर झालेले अत्याचार जाहीरपणे सांगितले, हजारो माजी विद्यार्थ्यांनी दावे दाखल केले, आणि त्या दाव्यांच्या तडजोडीतून २००८ साली सत्य व समेट आयोग स्थापन झाला. स्वतः मूलनिवासी असलेल्या न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखाली ६,५०० हून अधिक जणांच्या जबान्या झाल्या. सांगणाऱ्याशेजारी सांत्वनासाठी माणूस बसे, आणि आसवे टिपलेले कागद गोळा करून पवित्र अग्नीला अर्पण केले जात. ज्यांना पूर्वी हजेरीपटावर क्रमांकाने ओळखले जाई, त्यांचे म्हणणे आता त्यांच्याच तोंडून राष्ट्राच्या अभिलेखात उतरले. २०१५ च्या अहवालाने सुमारे ३,२०० मृत मुलांची नोंद केली. त्यांतील जवळजवळ एकतृतीयांश मुलांची नावेसुद्धा कोणी लिहून ठेवली नव्हती.

त्या अहवालातील ९४ आवाहनांपैकी ३० सप्टेंबरचा स्मरणदिन २०२१ साली अमलात आला, आणि २०२२ साली पोपनी कॅनडाच्या भूमीवर येऊन क्षमायाचना केली. ही दोन्ही कृत्ये मोलाची आहेत; तथापि पहिलेच आवाहन मूलनिवासी मुलांना घरापासून दूर करणे कमी करावे असे असताना, २०२१ च्या जनगणनेत बालसंख्येत आठ टक्क्यांहून कमी असलेली ही मुले परक्या आश्रयाला ठेवलेल्या मुलांत निम्म्याहून अधिक आढळली. ब्राइस यांच्या अहवालाची जी गत झाली ती या जबान्यांची होऊ नये, अशी ज्या राज्याची इच्छा असेल, त्याने समेटाचा आरंभ ही मुले घरी राखण्यापासून केला पाहिजे.