आटे एक, डोकी अनेक

जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं आणि इंग्लंडच्या रेल्वे कारखान्यांनी ते उचललं. मग आट्यांना लागलेली शिस्त डोक्यांना का लागली नाही? आट्यांना दुसऱ्याच कारखान्यात बनलेल्या नटमध्ये बसायचं असतं. तिथे एकमत नसेल तर जोडणीच होत नाही. डोक्याची गाठ मात्र पडते ती फक्त हत्याराशी. त्यामुळे त्याचा आकार स्क्रू बसवणाऱ्याच्या सोयीने ठरत गेला. पुढे तो कोण खोलणार, याचा विचार क्वचितच झाला.

हाताने काम करणाऱ्या सुताराला सरळ खाच पुरत होती. कारखान्यात वेगाने फिरणारं हत्यार तिच्यातून बाजूला सटकतं आणि रंगावर ओरखडा पाडतं. कॅनडाच्या पी. एल. रॉबर्टसनने १९०९ साली चौकोनी खळग्याचं पेटंट मिळवलं. त्यात हत्याराचं टोक इतकं घट्ट बसतं की स्क्रू टोकावर अडकवून एका हाताने लावता येतो. फोर्डच्या कॅनडातल्या कारखान्याने तो वापरला, पण परवान्याची बोलणी फिसकटली. ती जागा १९३६ नंतर हेन्री फिलिप्सच्या फुलीने घेतली. त्याने परवाने सढळपणे दिले, जनरल मोटर्सने कॅडिलॅकमध्ये ती वापरली आणि फुली जगभर गेली.

सर्वांत चांगली रचनाच टिकते, हा युक्तिवाद इथे अडखळतो. फुलीच्या भिंती उतरत्या असल्याने टोक आपसूक मध्यावर येतं. जुळणीला हे सोयीचं. पण जोर वाढला की तोच उतार टोकाला वर ढकलतो आणि दोन-तीनदा घसरल्यावर फुलीचा गोल खड्डा होतो. जपानी मोटरसायकलींच्या कार्ब्युरेटरवरची फुली तर दिसायला तशीच, पण मापाने वेगळी. डोक्यावर बारीक ठिपका असेल तर फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर लावूच नये. १९६७ च्या टॉर्क्स या पाकळ्यांच्या खळग्याच्या भिंती जवळजवळ उभ्या, म्हणून तो सहसा घसरत नाही. तरी सगळीकडे टॉर्क्सच हवा, हे मला पटत नाही. त्याच्या पाकळ्यांत रंग किंवा माती भरली तर टोक बसतच नाही, उलट सरळ खाच खिळ्यानेही साफ होते.

मुद्दाम निराळी केलेली डोकीही आहेत. सार्वजनिक जागी फक्त आवळता येणारे, उलटे न फिरणारे स्क्रू चोरी रोखतात. ते योग्यच आहे. ॲपलने आयफोन ४ वर आणलेल्या पाच पाकळ्यांच्या स्क्रूला मात्र हे कारण लागू पडत नाही. सुरक्षिततेचा मुद्दा पुढे करावा, तर त्याचे स्क्रूड्रायव्हर थोड्याच काळात बाजारात स्वस्तात मिळू लागले. अडला तो फक्त घरी बॅटरी बदलू पाहणारा ग्राहक, आणि तो फोन त्याने पैसे मोजून घेतलेला होता.