बुलडोझर : आसुडापासून यंत्रापर्यंत

झोपडपट्टीत वाढणाऱ्या लेकराला ए-बी-सी-डी येण्याआधी एक इंग्रजी शब्द ठाऊक होतो. तो म्हणजे बुलडोझर. वस्तीच्या तोंडाशी तो आल्याची बातमी लागली की आयाबाया आधी रेशनकार्डाची पिशवी काढतात, मग भांडीकुंडी. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचे कूळ कुणी विचारत नाही. आम्ही ते शोधले. जे हाती लागले ते घरातल्या सर्वांनी, विशेषतः शाळकरी मुलामुलींनी वाचावे असे आहे.

इंग्रजीत 'बुल' म्हणजे बैल, वळू. 'डोस' म्हणजे मात्रा, डॉक्टर देतात तीच. बैलाला पुरेल एवढी मात्रा म्हणजे 'बुल-डोस'. मात्र ही मात्रा औषधाची नव्हती, चामड्याच्या आसुडाची होती. बैलाला मारावेत तसे फटके माणसाला मारणे, असा या शब्दाचा उलगडा त्या काळच्या अमेरिकन वर्तमानपत्रांनी केलेला आहे.

हे फटके कुणाला बसत होते? अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून मताचा हक्क नाकारण्यास बंदी झाली. स्त्रियांना अजून मत नव्हते. पण कालपर्यंत कापसाच्या मळ्यात राबणारा कृष्णवर्णीय पुरुष मतपेटीपुढे मालकाच्या बरोबरीने उभा राहिला. मळेवाल्यांना हे सोसवले नाही. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत लुइझियाना राज्यातील फेलिसियानासारख्या भागांत गोऱ्यांच्या टोळ्या फिरू लागल्या. कृष्णवर्णीय मतदारांनी रिपब्लिकन पक्षाला मत देऊ नये म्हणून त्यांना फटके मारले जात, कित्येकांचे जीवही गेले. या टोळीवाल्यांना लोक 'बुलडोझर' म्हणत. म्हणजे पहिला बुलडोझर लोखंडाचा नव्हता. तो हातात आसूड घेतलेला माणूस होता.

त्या निवडणुकीत हेज १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने अध्यक्ष ठरले. १८७७ साली दक्षिणेतील राज्य सरकारांच्या पाठीशी असलेले केंद्राचे सैन्य मागे घेण्यात आले आणि मतदाराचा पाठीराखा उरला नाही. पुढे आसुडाचे काम कायद्याने केले. लुइझियानाने १८९८ साली नवी राज्यघटना करून मतदारासाठी साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घातली. ज्यांच्या बापाला किंवा आजाला १८६७ पूर्वी मताचा हक्क होता, त्यांना मात्र सूट! गुलामाच्या नातवाला ही सूट कुठून मिळणार? १८९६ मध्ये तेथे १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२. मतदानहक्काचा खरा बंदोबस्त करणारा कायदा १९६५ साली आला.

दरम्यान शब्दाने कूस बदलली. दांडगाई करणारा कोणीही बुलडोझर झाला. मग एका मोठ्या पिस्तुलाला ते नाव पडले, पुढे कारखान्यात लोखंड वाकवणाऱ्या यंत्राला. १९२३ साली कॅन्सस राज्यातील कमिंग्ज आणि मॅक्लिऑड या दोघांनी ट्रॅक्टरपुढे माती लोटणारे पोलादी पाते बसवले. अशा यंत्राला बुलडोझर हे नाव चिकटले आणि आसुडाची आठवण पुसली गेली.

या काळाचा इतिहास नव्याने लिहिणारे कृष्णवर्णीय विद्वान डॉ. ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. दोन्हीकडचे दुःख सख्खे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडे घरे पाडायला येते ते यंत्र बहुधा जेसीबी असते, पण नाव बुलडोझरचेच. १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई व न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी निकाल दिला, की केवळ आरोपी आहे म्हणून कुणाचे घर पाडता येणार नाही. पाडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा किंवा नदी यांवरील अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून बंधुभगिनींनो, नोटीस आली तर ती फेकू नका. तारीख पाहा, पाकीट जपून ठेवा, शिकलेल्या लेकराकडून वाचून घ्या. आणि मतदारयादीत घरातील प्रत्येकाचे नाव आहे की नाही, हे निवडणुकीची वाट न पाहता तपासा. पहिला बुलडोझर घरावर नव्हे, मतावर चालून आला होता.